तिथीची पाऊणपट

ऐरोलीच्या जेट्टीवरून निघालेली बोट तिवरांच्या कडेकडेने खाडीच्या रुंद पात्रात आली तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. माघी पौर्णिमा तोंडावर आलेली. खाडीवर पातळ धुरकं, पाण्याला तेलकट चमक आणि वाऱ्यात चिखलाचा तो ओळखीचा वास, ज्यात थोडं मीठ असतं, थोडी कुजलेली पानं आणि थोडं शहर. पुढे चिखलाच्या कडेने रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उभे होते. नजर जाईल तिथवर रोहितच. जवळचे सुटे सुटे दिसत होते, पाय, मान, चोच सगळं मोजून घ्यावं असे; लांबचे एकमेकांत मिसळून गेले होते आणि त्यांच्या मागे मुलुंड-भांडुपच्या इमारती उभ्या होत्या. बोटीतली माणसं उभी राहिली तसं नावाडीकाकांनी सगळ्यांना खाली बसवलं आणि इंजिन बंद केलं. मग त्यांचा आवाज ऐकू आला. हा आवाज फोटोंत नसतो, म्हणून नव्याने येणारा प्रत्येक जण आधी जरा गोंधळतो. हजारो पक्षी एकाच वेळी घशातल्या घशात बडबडत असतात, न थांबता, आणि त्या बडबडीखाली चोचींनी पाणी गाळल्याची बारीक चुळचुळ चालू असते. आम्ही बराच वेळ तिथे होतो. पाणी चढत होतं, चिखलाची पट्टी अरुंद होत होती, पक्षी पावलापावलाने मागे सरकत होते. बोट वळवताना काकांनी विचारलं, "पानी पुरा भरलं का ही पाखरं कुठं जातान, बघलाय का कधी?" कुणी बोललं नाही. एका लहान मुलाने "घरी" म्हणून सांगितलं, सगळे हसले, काकाही हसले, आणि इंजिन सुरू झालं.

मला मात्र तो प्रश्न सोडेना.

ठाणे खाडीचा हा भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. ऐरोलीच्या आणि वाशीच्या पुलांमधला सुमारे 1,690 हेक्टरांचा पट्टा, निम्म्याहून अधिक कांदळवन आणि उरलेलं पाणी व चिखल. 2022 मध्ये खाडीला रामसर दर्जाही मिळाला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातलं हे तिसरं रामसर स्थळ. मी खाडीच्या या बाजूला राहते. ऐरोलीचा पूल ओलांडताना बसच्या खिडकीतून डावी-उजवीकडे पाहायची सवय डिसेंबर लागला की आपोआप जागी होते. लांबवर गुलाबी पट्टी दिसली की दिवस बरा जाणार असं मला खरंच वाटतं. नकाशावर त्या जागेला हिरव्या रंगाची हद्द आहे, फाटकावर पाटी आहे, तिकीट आहे, बोटीच्या वेळा भरतीप्रमाणे लागतात. त्यामुळे मनात एक चित्र पक्कं झालेलं असतं की हे पक्ष्यांचं घर, हद्दीच्या आत ते सुखरूप, आणि आपण अधूनमधून येऊन त्यांना पाहून जायचं. काकांच्या प्रश्नाने त्या चित्रातला निम्मा दिवस गायब असल्याचं दाखवून दिलं. आम्ही पाहतो ते ओहोटीतले रोहित. भरतीतले रोहित आमच्यापैकी कुणीच पाहिलेले नव्हते.

आधी चिखलाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्याभोवती फिरतं. लांबून तो ओसाड दिसतो. करडा, चिकट, काहीच नसलेला. पण ओहोटीला तिवरांच्या काठाशी पाच मिनिटं न हलता उभं राहिलं की चिखल हलायला लागतो. आधी डोळे दिसतात. निवटीचे डोळे, डोक्याच्या अगदी माथ्यावर, आणि ती ते आळीपाळीने खोबणीत आत ओढून ओले करून घेते. मग अख्खी निवटी दिसते, पुढच्या परांवर कोपर टेकल्यासारखी, मासा असून पाण्याबाहेर निवांत. शेजारी दुसरी आली की पहिली पाठीवरचं पंखासारखं मोठं पर ताडकन उभं करते, त्यावर निळसर ठिपके चमकतात, आणि भांडण सुरू होतं. तिच्या बिळाशेजारी एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले छोटे खेकडे ती नांगी वरखाली करत असतात. त्यांच्या मधून टिलवे पक्षी पळत असतात, सैबेरियाकडून आलेले, मुठीत मावतील एवढे. जरा पुढे गॉडविट आपली लांब चोच चिखलात पार मुळापर्यंत खुपसतो, आत काहीतरी चाचपतो आणि बाहेर काढतो तेव्हा चोचीच्या टोकाशी अळी असते. प्रत्येकाची चोच वेगळ्या लांबीची, म्हणून प्रत्येकाचा चिखलातला मजला वेगळा. रोहित वरच्या थरावर. त्यातही लहान रोहित पाण्याच्या तवंगासारख्या थरातलं नीलहरित शेवाळ गाळून खातो, मोठा रोहित चिखल पायांनी ढवळून त्यातले झिंगे-शिंपले वेचतो. दोघांनीही डोकं उलटं करूनच खायचं. वरची चोच खाली, खालची वर, आणि जीभ पंपासारखी पाणी आत घेऊन बाहेर फेकत राहते. पिसांचा गुलाबी रंग याच खाण्यातून येतो. कच्छच्या रणात जन्मलेलं पिल्लू राखाडी असतं. त्याला आईबापांसारखं व्हायला काही वर्षं हेच शेवाळ, हेच झिंगे खावे लागतात. कळपात मधेच मळकट पांढरे पक्षी दिसतात ना, ती ही पोरं.

हे सगळं जेवण फक्त चिखल उघडा असेल तोवरचं. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती चार-साडेचार मीटर चढते. लहान रोहित उंचीला फार तर तीन फूट. पुढचं गणित सांगायला नको.

काकांनी मला खरी विद्या दिली ती बोटीत नाही, जेट्टीवर. पुढच्या वेळी गेले तेव्हा बोट सुटायला अवकाश होता. ते जाळ्याचा एक तुकडा मांडीवर घेऊन तुटलेले आस बांधत बसले होते. मी मोबाइलवर भरतीची वेळ शोधत होते. त्यांनी विचारलं, आज तिथी कोणती? मी कॅलेंडर पाहून चतुर्थी म्हणाले. "चाराची पाऊणपट किती? तीन. तीनला पानी भरेल," ते म्हणाले. मोबाइलनेही तीनच्या पुढेमागे सांगितलं. कोकणच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना आणि खलाशांना हा हिशोब पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आहे: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. हीच वेळ दिवसाची आणि हीच रात्रीची. खाडीत आत आत जावं तसं पाणी थोडं उशिरा पोचतं, तेवढं धरून चालायचं. आणखी एक गोष्ट त्यांनी समजावली, जी मोबाइलमध्ये असूनही माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, ते फार चढत नाही, कुठे ना कुठे चिखल उघडा राहतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा सगळं बुडतं. म्हणजे पक्ष्यांना खाडी सोडायला लावणारं पाणी महिन्यातून दोनदा, चार-पाच दिवस, आणि येतं ते भर दुपारी आणि मध्यरात्री. पक्षी पाहणारे आम्ही पहाटे उठतो, साडेसहाला दुर्बिणी गळ्यात अडकवून उभे असतो, आणि ऊन तापलं की घरी येतो. भर दुपारचे रोहित आम्हाला दिसणार कसे?

मग काकांनी आपल्या वडिलांचं सांगितलं. त्यांच्या लहानपणी याच खाडीत बोयटे मिळायचे, कोळंबी मिळायची, चिंबोऱ्या तर हातानेही धरत. निवट्यांचं कालवण घरोघरी व्हायचं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, मागोमाग नवी मुंबई आली, पलीकडच्या काठाला देवनारचा कचऱ्याचा डोंगर वाढत गेला, मुलुंडचा झाला, कांजूरचा झाला, आणि मासळी घटत घटत इतकी घटली की त्यांच्या मुलांपैकी कुणीच जाळं घेऊन पाण्यात उतरत नाही. आता हंगामात रोहित दाखवायच्या फेऱ्यांवर घर चालतं, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, पण आनंदही नव्हता. "मासा गेला नि ह्ये आले," एवढंच म्हणाले आणि पुढचा आस बांधायला घेतला.

या वाक्याचं काय करायचं ते मला आजही नीट कळलेलं नाही. कारण ते खरं आहे. रोहित मुंबईच्या शिवडीच्या चिखलावर मोठ्या संख्येने यायला लागले ते 1990 च्या दशकात. हंगामाच्या भरात लाखाच्या पुढे गेलेले त्यांचे आकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) मोजणीत नोंदले गेले. आणि अभ्यासक सांगतात की खाडीत येणाऱ्या सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसमुळे शेवाळ माजलं, आणि त्या शेवाळावर लहान रोहित पोसले. म्हणजे ज्या घाणीने बोयटे गेले, तिनेच रोहित आणले. मी पुलावरून जाताना ज्या गुलाबी पट्टीने सुखावते तिच्यात माझ्या मोरीचंही पाणी आहे. म्हणून का मी सुखावायचं सोडून द्यावं? नाही सोडता येत, आणि सोडूही नये असं वाटतं. ते पक्षी खरे आहेत, त्यांची भूक खरी आहे, आणि जिथे अन्न मिळेल तिथे यायचा त्यांचा हक्क आपल्या पापपुण्याच्या हिशोबावर ठरत नाही. पण काकांच्या समोर उभं राहून "किती सुंदर!" म्हणताना घशात काहीतरी अडकतं. खाडीच्या सौंदर्याबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते अडकू द्यावं, गिळून टाकू नये. आणि ही मेजवानी कायमची नाही हेही विसरू नये. घाण एका मर्यादेपलीकडे गेली तर शेवाळही बदलतं, चिखलही मरतो; मग मासाही नाही आणि रोहितही नाहीत.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी आधी भांडुप पंपिंग स्टेशनच्या वाटेवर गेले. मुंबईच्या पक्षिनिरीक्षकांची ती जुनी वहिवाटीची वाट. महामार्ग सोडून आत वळलं की दोन्ही बाजूंनी तिवरं सुरू होतात आणि ट्रकांचा आवाज हळूहळू मागे पडतो. पायाखाली मुरूम, मधेच चिखल, हवेत सांडपाण्याचा दर्प, आणि तरी चालावंसं वाटतं. तिवराचं पान तोडून त्याची खालची-वरची बाजू पाहिली की बारीक पांढरे कण दिसतात. जिभेला लावलं तर खारट, वाळूसारखं कचकचीत. झाड मुळांतून येणारं जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं. आणि त्याची श्वासाची मुळं चिखलातून पेन्सिलीएवढी वर आलेली असतात, हजारोंनी, जेणेकरून भरतीत बुडालेल्या झाडाला ओहोटीत श्वास घेता यावा. मला तिवराचं फार कौतुक आहे. चिप्पीला राज्याचं कांदळवृक्ष म्हणून 2020 मध्ये मान मिळाला, तो योग्यच, पण ठाण्याच्या खाडीचा भार खरा वाहतो तो तिवर. त्या वाटेवर पाण्याच्या डबक्यांत शेकाट्या होते, थापट्या बदकं होती, एक दलदली भोवत्या पक्षी गवतावरून खाली-वर झुकत जात होता आणि त्याच्या सावलीने टिलव्यांचा थवा दर वेळी उठत होता. भरती चढली तसे आणखी पक्षी आत आले. वाट रोखून दोन टिटव्या ओरडत होत्या. रोहितही थोडे आले. पण खाडीत पाहिलेल्या त्या अफाट कळपाच्या मानाने अगदी थोडे. बाकीचे कुठे गेले?

उत्तर नेरुळला होतं.

अमावास्येनंतरचा दिवस होता आणि दुपारचे बारा वाजत आलेले. सीवूड्स स्टेशनला उतरून चालत निघाले. एप्रिलचं ऊन, पाम बीच रस्त्यावरून उठणाऱ्या वाफा, आणि इमारतींच्या मागच्या बाजूला एकदम उघडं होणारं पाणी. ज्याला सगळे डीपीएस तलाव म्हणतात ते हे, जेमतेम तीस एकरांचं पाणथळ. एका बाजूला डीपीएस ही शाळा, एका बाजूला सोसायट्या, पलीकडे कांदळवन आणि त्यापलीकडे खाडी. मी पोचले तेव्हा पाण्यात थोडेसेच पक्षी होते आणि मी जरा खट्टू झाले. बांधावरच्या एका झाडाची विरळ सावली धरून बसले. मग खाडीच्या दिशेने आवाज आला. तीच घशातली बडबड, पण आता वरून. मान वर केली तर कांदळवनावरून एक थवा येत होता, माना पुढे ताणलेल्या, पाय मागे ताणलेले, आणि पंखांखालचा तो गडद लाल-काळा रंग उन्हात उघडलेला. उभ्या रोहितात हा रंग झाकलेला असतो. त्याचं अग्निपंख हे नाव उडताना पाहिल्यावरच पटतं. थवा तलावावर एक वळसा घेऊन उतरला. प्रत्येक पक्षी पाण्याला पाय टेकताच चार-सहा पावलं धावला आणि थांबला. त्यांच्या मागून दुसरा थवा. मग तिसरा. मग मोजायचं मी सोडून दिलं. घटकाभरात पाण्याचा एक काठ भरून गेला. काही लगेच खायला लागले, पण बरेचसे नुसते उभे राहिले. एक पाय पोटात घेतला, मान पाठीवर वळवली, चोच पिसांत खुपसली आणि झोपले. समोरच्या सोसायटीतल्या बाल्कनीत एक बाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी एकदा तिकडे पाहिलं आणि पुन्हा चिमटे लावू लागल्या. त्यांच्या रोजच्या दुपारचा तो भाग असणार.

मी दीड-दोन तास तिथे बसले असेन. उन्हाने डोकं दुखत होतं आणि उठवत नव्हतं. खाडीत ते खातात, इथे ते विसावतात. दोन्ही मिळून त्यांचा दिवस होतो. बीएनएचएसने 2022 मध्ये सहा रोहितांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेले टॅग बसवले होते. एकाचं नाव हुमायून, एकाचं सलीम, एकाचं नाव तर नवी मुंबईच. ते खाडीतून गुजरातेत गेले-आले, त्याच्या बातम्या तेव्हा सगळ्यांनी आवडीने वाचल्या. पण मोठ्या प्रवासाइतकंच हे छोटं जाणं-येणं मोलाचं आहे: खाडी ते नेरुळ, नेरुळ ते खाडी, पाण्याच्या घड्याळावर, दिवसरात्र. कच्छला ते वर्षातून एकदा जातात. इथे ते उधाणात दिवसातून दोनदा येतात.

म्हणूनच 2024 चा उन्हाळा इतका जिव्हारी लागला. त्या एप्रिलमध्ये या तलावात खाडीचं पाणी यायच्या वाटा बंद झाल्या, पाणी आटलं, तळ कोरडा पडला, आणि तिथे आलेले काही रोहित मेले. गोंधळलेले पक्षी रस्त्यावर उतरल्याचे फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरले. पुढच्याच महिन्यात, 20 मे 2024 च्या रात्री, घाटकोपरवर मुंबईत उतरणाऱ्या विमानाला रोहितांचा थवा धडकला. 39 पक्षी मेले. सकाळी वस्तीतल्या गच्च्यांवर, रस्त्यांवर पिसं आणि देह पडले होते. मी ती बातमी वाचली तेव्हा नुसतीच रडले. काकांकडून हिशोब शिकल्यानंतर एकदा उगाच जुनं पंचांग काढून त्या दिवसाची तिथी पाहिली. मोहिनी एकादशीचा दुसरा दिवस. द्वादशी.

बाराची पाऊणपट नऊ.

विमान उतरलं ते रात्री नऊच्या सुमारासच. पाणी चढत होतं, चिखल बुडत होता, पक्षी अंधारात हवेत होते.

या तिथीच्या गणिताने मला या शहराकडेही वेगळ्या नजरेने पाहायला लावलं. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली वसवलेला आहे, आणि ते वसवणाऱ्यांना ठाऊक होतं की भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आला तर पावसाचं पाणी खाडीत जाऊ शकणार नाही. म्हणून डच पद्धतीचे धारण तलाव खणले गेले. भरतीत झडपा बंद होतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटी लागली की झडपा उघडून खाडीत जातं. अडलेल्या पाण्याला ते काही तास थांबायला जागा हवी, ही गोष्ट शहराच्या आराखड्यात पहिल्यापासून होती. पक्ष्यांची मागणी याहून काय वेगळी आहे? त्यांनाही तेच काही तास, तीच वेळ, तशीच जागा हवी आहे. पाण्यासाठी ज्यांना हे सुचलं त्यांच्याच शहरात चौकाचौकांत फायबरचे रोहित उभे आहेत, भिंतींवर रोहित रंगवलेले आहेत, शहराला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणतात. मला ती चित्रं आवडतात. मुलं त्यांच्याशेजारी उभी राहून फोटो काढतात, त्यातलं एखादं मूल पुढे खरा पक्षी पाहायला येईल. पण ज्या पाणथळींमुळे खरे रोहित शहरात उतरतात त्यांचा भाव चौरस फुटांत सांगितला जातो, तेव्हा राग येतो आणि तो मला लपवावासा वाटत नाही. कांदळवनांना उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आणि मग 2018 च्या आदेशांनी मोठा आधार दिला. त्यासाठी लोक वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढले. त्या काळात तोडलेली तिवरं कुणी मोजली, कुणी फोटो काढले, कुणी तक्रारी टाईप केल्या, त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठेही छापून येणार नाहीत. आज ऐरोलीला बोटीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या तिकिटात त्यांचा वाटा आहे.

2025 च्या एप्रिलमध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. त्या दिवशी मला झालेला आनंद मी कुणाला नीट समजावू शकले नाही. घरी सांगितलं तर "बरं झालं" एवढंच आलं. पण बरं म्हणजे किती बरं! खाडीबाहेरच्या, भरतीच्या वेळच्या त्या उरलेल्या निम्म्या दिवसाला पहिल्यांदाच कुणीतरी कागदावर जागा दिली होती. आता तलावात खाडीचं पाणी येतं-जातं ना, हे पाहायला हवं. झडप, नळ, चर, जे काही असेल ते साफ हवं, कारण पाणी साचून राहिलं तरी रोहित येत नाहीत आणि आटलं तरी येत नाहीत. त्यांना लागतं ते वीतभर पाणी, रोज बदलणारं. मध्यरात्रीची भरतीही भरतीच असते, म्हणून काठावरचे दिवे मंद हवेत, पाण्याकडे तोंड केलेले नकोत. आणि शेजारच्या एनआरआय वसाहतीजवळच्या आणि टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळी, तसंच उरणची पाणजे, यांनाही असंच संरक्षण हवं. रोहित कुठल्याही एका तलावावर अवलंबून राहत नाहीत. एखाद्या दिवशी एका जागी कुत्री असतात, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जागी पाणी जास्त असतं, वारा बदलतो. त्यांना निवड हवी असते, जशी आपल्याला पावसात उभं राहायला रस्त्यावर एकापेक्षा जास्त आडोसे लागतात.

आता नेरुळला गेले की तिथे रोज फेरी मारायला येणारे एक निवृत्त गृहस्थ भेटतात. पांढरा शर्ट, हातात काठी, खिशात छोटी वही. कोणत्या दिवशी पक्षी होते, पाणी कुठवर होतं, हे ते बॉलपेनने लिहून ठेवतात. संस्थेसाठी नाही, कुणी सांगितलं म्हणून नाही. मी त्यांची पानं चाळली. सगळ्या नोंदी सकाळी सहा ते साडेसातच्या, आणि बऱ्याच दिवसांपुढे 'आज नाहीत' असं लिहिलेलं. त्यांना वाटत होतं की पक्षी कमी कमी होत चाललेत, आणि त्या विचाराने ते खरंच अस्वस्थ होते. मी त्यांना तिथीचा हिशोब सांगितला. त्यांनी काठी बाकाला टेकवून ठेवली, वही मांडीवर घेतली आणि जुन्या तारखांपुढे तिथ्या लिहायला सुरुवात केली. अष्टमी, नवमी, अष्टमीच्या सकाळी पक्षी होते. भांगाचं का होईना, पाणी त्याच वेळी भरत होतं. पौर्णिमेच्या सकाळी 'आज नाहीत'. "म्हणजे ते खाडीत जेवत होते आणि मी इथे काळजी करत होतो," ते म्हणाले, आणि मग बराच वेळ बोटाने एकेक ओळ खाली जात राहिले. पुढच्या पौर्णिमेला दुपारी साडेअकराला यायचं आमचं ठरलं आहे. नात शनिवारी घरी असते, तिला घेऊन येतो म्हणालेत. स्कोप मी नेणार आहे. आणि ऐरोलीच्या काकांनाही फोन केला आहे. त्या दिवशी त्यांची बोट सकाळची आहे, दुपारनंतर मोकळे आहेत, जमलं तर येतो म्हणाले.